नेटवर्कवरचं ऑफिस प्रिंटर मशीन: ॲडमिन सेटिंग कुठून सुरू करायची आणि कुठे अडतं

सोलापुरात या मशीनला आजही सर्रास ‘झेरॉक्स’ म्हणतात. पण प्रिंट, कॉपी, स्कॅन आणि ईमेल एकाच डब्यात करणारं हे मशीन आता नवी पेठेतल्या सीए ऑफिसात, सात रस्त्याच्या दवाखान्यात, पतसंस्थेत आणि एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात सगळीकडे आहे. बसवायला आलेला माणूस टोनर घालतो, एका कॉम्प्युटरवरून टेस्ट पेज काढून दाखवतो, सही घेतो आणि निघून जातो. बाकीचं काम ऑफिसातल्या ‘ज्याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ त्याच्याकडे येतं. हा लेख त्या माणसासाठी आहे.

एक गोष्ट आधीच पक्की धरा. ‘प्रिंटर चालत नाही’ अशी तक्रार आली की बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं आणि त्याचा नेटवर्कवरचा पत्ता हललेला असतो. म्हणून काम याच क्रमाने करा: पत्ता, पासवर्ड, घड्याळ, कागद, कॉम्प्युटर, स्कॅन. स्कॅनपासून सुरुवात केलीत आणि नंतर पत्ता बदललात, तर प्रत्येक कॉम्प्युटरपाशी पुन्हा जाऊन बसावं लागेल.

या लेखात आकडे मराठीत छापले आहेत. मशीनवर आणि कॉम्प्युटरवर ते इंग्रजी आकड्यांतच टाकायचे.

लाईट, जागा आणि केबल

लेझर मशीनमध्ये टोनर कागदावर पक्का करणारा फ्युझर असतो. तो २०० अंशांच्या आसपास तापतो आणि तापताना एकदम मोठा करंट ओढतो. त्यामुळे टेबलाखालच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर हे मशीन कधीच लावू नका. पहिल्याच कॉपीला यूपीएस ओरडून बंद पडेल आणि त्यावरचे कॉम्प्युटरही सोबत जातील. मशीनला वेगळा १६ अँपिअरचा सॉकेट द्या आणि तो इन्व्हर्टरच्या लाइनवर नको, असं वायरमनला सांगा. यूपीएस राउटर आणि स्विचला जरूर द्या.

बहुतेक मशीनांच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान साधारण १० ते ३२ अंश लिहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवलेलं मशीन रोज ती मर्यादा ओलांडतं. कोरड्या हवेत कागदांत स्थिर वीज भरते आणि दोन पानं चिकटून आत जातात, म्हणून रिम लागेल तशीच फोडा आणि ट्रेमध्ये घालण्याआधी कागद मोकळे करून घ्या. माग जवळ असेल तर सुताचा बारीक तूस स्कॅनरच्या अरुंद काचपट्टीवर बसतो. वरच्या फीडरमधून काढलेल्या प्रत्येक कॉपीवर एकच उभी काळी रेघ येते, पण मोठ्या काचेवर तोच कागद ठेवला की रेघ दिसत नाही, असं झालं तर दोष त्या पट्टीत आहे. ती कोरड्या मऊ कापडाने पुसायची. सेटिंगमध्ये त्याचं उत्तर शोधत बसू नका.

केबल शक्यतो कॅट ६ वापरा. स्विचपासून मशीनपर्यंत १०० मीटरची मर्यादा आहे. वायफाय असलं तरी ऑफिसातलं मुख्य मशीन केबलवरच ठेवावं, कारण वायफायचा पासवर्ड कुणी बदलला की मशीन गप्प होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. बऱ्याच मशीनांत केबल आणि वायफाय एका वेळी चालत नाहीत. केबल लावूनही पत्ता मिळत नसेल तर नेटवर्क मेनूत ‘वायर्ड’ निवडलंय का ते आधी बघा.

पत्ता: इथे घाई नको

मशीनच्या मेनूतून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा. त्यावर आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा पत्ता), सबनेट मास्क, गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटर), डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा) आणि मॅक ॲड्रेस (मशीनचा कारखान्यातून आलेला नेटवर्क क्रमांक) असतो. हे पान जपून ठेवा, कारण काही बदलण्याआधी मशीन कसं होतं याचा तोच पुरावा आहे.

पानावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरने मशीनला पत्ता दिलेलाच नाही. मशीनने तो स्वतःच लावून घेतलाय. केबल, स्विचचं पोर्ट आणि राउटर तपासा. त्या पत्त्यावर पुढचं काही होणार नाही.

सुरुवातीला मशीन डीएचसीपीवर असतं, म्हणजे राउटर देईल तो पत्ता ते घेतं. आज तो १९२.१६८.१.१०४ असेल, तर चार तास लाईट जाऊन आल्यावर १९२.१६८.१.१०९ होऊ शकतो. कॉम्प्युटर मात्र जुन्याच दारावर टकटक करत राहतात. म्हणून पत्ता कायमचा करा. त्याचे दोन मार्ग आहेत. राउटरमध्ये मशीनच्या मॅक ॲड्रेससाठी पत्ता राखून ठेवायचा, किंवा मशीनवरच स्थिर पत्ता टाकायचा. राउटर तुमच्या हातात असेल तर पहिला मार्ग चांगला, कारण सगळे पत्ते एकाच जागी दिसतात. पण इंटरनेटवाल्याने राउटर बदलला की राखीव यादीही त्याच्याबरोबर जाते. जिथे राउटर दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतो, तिथे मशीनवर स्थिर पत्ता टाकणंच बरं.

समजा राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि तो १०० ते २०० या टप्प्यातले पत्ते वाटतो. मग मशीनला टप्प्याबाहेरचा पत्ता द्या:

आयपी ॲड्रेस: १९२.१६८.१.५०
सबनेट मास्क: २५५.२५५.२५५.०
गेटवे: १९२.१६८.१.१
डीएनएस: १९२.१६८.१.१, दुसरा ८.८.८.८

टाकण्याआधी कॉम्प्युटरच्या कमांड प्रॉम्प्टमधून त्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते बघा. उत्तर आलं तर तिथे आधीच कुणीतरी बसलंय. उत्तर नाही आलं तरी राउटरमधली जोडलेल्या उपकरणांची यादी बघा, कारण काही फोन आणि कॉम्प्युटर पिंगला उत्तरच देत नाहीत. ऑफिसातले सीसीटीव्हीचे डीव्हीआर आणि हजेरीचं बायोमेट्रिक मशीन बऱ्याचदा असे हाताने दिलेले पत्ते अडवून बसलेले असतात. दोघांना एकच पत्ता गेला की प्रिंट कधी निघते, कधी निघत नाही, आणि हा दोष शोधायला सगळ्यात चिवट.

गेटवे आणि डीएनएस रिकामे सोडू नका. ऑफिसातल्या ऑफिसात प्रिंट त्यांच्याविना निघते, त्यामुळे चूक लगेच कळत नाही. महिन्याने कुणीतरी स्कॅन ईमेल करायला जातं आणि ‘सर्व्हर सापडत नाही’ असा निरोप येतो, कारण मशीनला मेल सर्व्हरच्या नावाचा पत्ताच लावता येत नाही.

अजून एक नेहमीचा घोळ म्हणजे दोन राउटर. फायबरवाल्याने दिलेला एक, आणि आतल्या खोलीत वायफाय पोचावं म्हणून बाजारातून आणलेला दुसरा. दुसरा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क बनवतो, म्हणून बाहेरच्या खोलीतले कॉम्प्युटर १९२.१६८.१ वर आणि आतले १९२.१६८.० वर. मग ‘माझ्याकडून प्रिंट निघते, मॅडमच्याकडून निघत नाही’ हे सुरू होतं. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता फक्त वायफाय पसरवेल. तो पर्याय त्यात नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याच नेटवर्कमधला, पण मोकळा, असा करा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि पहिल्या राउटरकडून येणारी केबल वॅनऐवजी लॅनच्या पोर्टात लावा. सगळे एका नेटवर्कवर येतात.

ॲडमिनचं पान आणि पासवर्ड

आता मशीनसमोर उभं राहून बारीक बटणं दाबायची गरज नाही. त्याच नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी टाका. मशीनचं स्वतःचं वेबपान उघडतं. ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा देईल. मशीनचं प्रमाणपत्र त्याने स्वतःच बनवलेलं असल्यामुळे तसं होतं. पत्ता तुम्हीच टाकलेला आणि मशीन समोरच असेल तर पुढे जा.

लॉग-इनसाठी कारखान्यातून आलेला पासवर्ड लागतो. कॅननच्या अनेक इमेजरनर मशीनांना ७६५४३२१ हाच आयडी आणि हाच पिन असतो. रिकोच्या अनेक मशीनांवर नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्ड रिकामा. हे मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं, म्हणजे ज्याला वाचता येतं त्या प्रत्येकाकडे तुमच्या मशीनची किल्ली आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून असे सरसकट पासवर्ड ठेवायला कायद्याने बंदी आली. अलीकडच्या अनेक मशीनांवर प्रत्येक नगाचा वेगळा पासवर्ड असतो, पाठीमागच्या लेबलवर छापलेला, किंवा थेट अनुक्रमांकच. मशीन भिंतीला टेकवण्याआधी त्या लेबलाचा फोटो काढून ठेवा.

पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. काही जुनी मशीनं फक्त आकडे घेतात, काही ठरावीक लांबीच मानतात. चिन्हं टाकणार असाल तर ती मशीनच्या पॅनेलवरच्या कीबोर्डवर सापडतात ना, ते आधी पाहा. नवा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करून मालकांकडे किंवा मॅनेजरकडे ठेवा. तो हरवला तर अनेक मॉडेलांवर कंपनीचा इंजिनिअर बोलावल्याशिवाय उघडत नाही, आणि तोवर स्कॅनच्या यादीत एक नावही घालता येत नाही.

ॲडमिन मेनूच्याही खाली एक सर्व्हिस मोड असतो, खास बटणांच्या जोडीने उघडणारा. त्यात ड्रमचं व्होल्टेज, रंगांची जुळणी, काउंटर असतात. व्हिडिओ बघून त्यात शिरू नका. तिथे बदललेला एक आकडा छपाई पांढरी किंवा काळी करून टाकतो आणि मूळ आकडा कुणाकडेच लिहिलेला नसतो.

घड्याळ आणि झोप

टाइम झोन जीएमटी अधिक ५:३० ठेवा. यादीत तो चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली या नावांनी दिसतो. डेलाइट सेव्हिंग बंद. एसएनटीपीमध्ये (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय) टाइम डॉट गूगल डॉट कॉम टाका. घड्याळ चुकलं तर फक्त स्कॅनवरची तारीख चुकत नाही. तारीख मागे राहिली की मशीन मेल सर्व्हरचं प्रमाणपत्र खोटं समजतं आणि ईमेल जात नाही.

स्लीपची वेळ १५ मिनिटांच्या आसपास ठेवा. एक मिनिट ठेवली तर दर कॉपीला फ्युझर नव्याने तापतो, आणि समोर उभा माणूस वाट बघत राहतो. आपोआप पूर्ण बंद होण्याचा पर्याय मात्र काढून टाका, नाहीतर दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन नेटवर्कवरून गायब झालेलं असतं.

कागद

मूळ सेटिंगमध्ये कागद ‘लेटर’ असेल तर तो ए४ करा, मशीनमध्येही आणि प्रत्येक कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरमध्येही. ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, लेटर म्हणजे २१६ बाय २७९. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण मशीन लेटर मागत थांबून राहतं आणि मागच्या सगळ्या प्रिंट अडकतात. लीगल कागद लागत असेल तर त्याला एक ट्रे कायमचा देऊन टाका. ट्रेच्या आतली पट्टी आणि मेनूतला आकार दोन्ही जुळले पाहिजेत. प्रमाणपत्राच्या जाड कागदाला कागदाचा प्रकार ‘थिक’ निवडा. तो ‘प्लेन’वर ठेवला तर कागद पुरेसा तापत नाही आणि बोट फिरवलं की अक्षरं पुसली जातात.

कॉम्प्युटर जोडताना

विंडोजला प्रिंटर स्वतः शोधू दिला की ते बऱ्याचदा डब्ल्यूएसडी पोर्ट लावतं. ते सोपं वाटतं, पण काही दिवसांनी मशीन चालू असून ‘ऑफलाइन’ दिसू लागतं. त्यापेक्षा कंपनीच्या संकेतस्थळावरून मॉडेलचा ड्रायव्हर घ्या, ‘मॅन्युअल सेटिंग’ने प्रिंटर जोडा, ‘टीसीपी/आयपी ॲड्रेस’ निवडा आणि १९२.१६८.१.५० स्वतः टाइप करा. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई सेवेत मोठं छिद्र सापडल्यापासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर घालायला ॲडमिन हक्क लागतात. नुसत्या साध्या युजरने प्रयत्न केला तर अडेल.

तरीही ‘ऑफलाइन’ येत असेल आणि पिंगला उत्तर मिळत असेल, तर प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट इथे जा आणि ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ समोरची खूण काढा. विंडोज एसएनएमपीने मशीनची तब्येत विचारतं. मशीनवर ते बंद असेल किंवा त्याचं परवलीचं नाव बदललेलं असेल तर उत्तर येत नाही, आणि विंडोज मशीन मेलं असं धरून चालतं.

रंगाची सवय इथेच लावा. भाड्याच्या मशीनवर पानागणिक पैसे लागतात आणि रंगीत पान काळ्यापेक्षा कितीतरी महाग असतं. मूळ सेटिंग ‘ऑटो कलर’ असेल तर लेटरहेडवरच्या एवढ्याशा निळ्या चिन्हामुळेही अख्खं पान रंगीत मोजलं जातं. कॉपीसाठी मशीनवर आणि प्रिंटसाठी ड्रायव्हरमध्ये काळं-पांढरं हेच मूळ ठेवा. ड्रायव्हरमध्ये ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ फक्त तुमच्या लॉग-इनपुरतं असतं. सगळ्यांना लागू करायचं तर प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ॲडव्हान्स्ड टॅबमधलं ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ बदला.

मराठी पीडीएफ छापताना जोडाक्षरं फुटली किंवा चौकोन आले तर ॲक्रोबॅटच्या प्रिंट खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’ला खूण करा. छपाई थोडी सावकाश होते, पण पडद्यावर दिसतं तेच कागदावर येतं.

स्कॅन थेट फोल्डरमध्ये

नवख्याचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, कारण अर्धं काम मशीनवर आणि अर्धं विंडोजवर असतं. दोन्हीकडे अगदी तेच शब्द जुळावे लागतात.

आधी कॉम्प्युटर निवडा. दिवसभर चालू राहणारा हवा, शक्यतो अकाउंट्सचा. त्याची स्लीप बंद करा आणि त्यालाही पक्का पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.२०. प्रिंटरचा पत्ता सगळे पक्का करतात. स्कॅन घेणाऱ्या कॉम्प्युटरचा विसरतात.

१. त्या कॉम्प्युटरवर फक्त मशीनसाठी एक लोकल युजर बनवा, साध्या हक्कांचा, मायक्रोसॉफ्ट खात्याशिवायचा. नाव इंग्रजीत स्कॅन. पासवर्ड द्याच, रिकाम्या पासवर्डने विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. ‘पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स’ हा पर्याय दिसला तर त्याला खूण करा.

२. डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा. नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता. डेस्कटॉपवरचा फोल्डर वापरू नका, तिथले हक्क त्या युजरच्या घरात अडकलेले असतात.

३. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स. ‘एव्हरीवन’ काढा, स्कॅन युजर घाला, ‘चेंज’ आणि ‘रीड’ द्या.

४. आता शेजारचा सिक्युरिटी टॅब. तिथेही स्कॅन युजर घाला आणि ‘मॉडिफाय’ द्या. ही पायरी हमखास सुटते. विंडोज दोन्ही ठिकाणचे हक्क बघतं आणि त्यातला कमी असेल तो लागू करतं.

५. नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ करा आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. ‘पब्लिक’ असेल तर फायरवॉल मशीनला दारातूनच परत पाठवतं.

६. मशीनच्या वेबपानावर ॲड्रेस बुकमध्ये नवी नोंद करा. प्रकार एसएमबी (विंडोजची नेटवर्कवर फोल्डर शेअर करण्याची पद्धत), होस्ट १९२.१६८.१.२०, पाथमध्ये फक्त शेअरचं नाव, मग युजर आणि पासवर्ड. इथे ‘डी:’पासूनचा कॉम्प्युटरमधला रस्ता लिहायचा नसतो. काही मॉडेलं दोन उलट्या तिरप्या रेघांपासून पूर्ण नेटवर्क पाथ मागतात; रकान्याखालचं उदाहरण बघा. युजर नुसता चालला नाही तर कॉम्प्युटरचं नाव, उलटी तिरपी रेघ आणि मग युजर असं लिहा.

‘कनेक्शन टेस्ट’ दाबा. जो निरोप येतो त्यावरून दोष कुठे आहे ते कळतं. मशीन ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणालं तर कॉम्प्युटर झोपलाय, पत्ता बदललाय, किंवा नेटवर्क पब्लिक आहे. ‘ऑथेंटिकेशन’ म्हणालं तर युजर किंवा पासवर्ड चुकलाय. विंडोजचा चार आकडी पिन हा पासवर्ड नव्हे, तो इथे कधीच चालत नाही. टेस्ट पास होते पण फाइल येत नाही, असं असेल तर चौथी पायरी पुन्हा बघा.

सगळं बरोबर असून जमत नाही आणि मशीन जुनं आहे, तर कारण बहुधा एसएमबीच्या आवृत्तीत आहे. मे २०१७ मधला वॉनाक्राय हल्ला एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या छिद्रातून पसरला. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ अपडेटपासून नव्याने घातलेल्या विंडोजमध्ये ती आवृत्ती मुळात बंद येते. बाजारात रिकंडिशन्ड म्हणून मिळणारी बरीच मशीनं तीच एक आवृत्ती जाणतात. ‘विंडोज फीचर्समध्ये एसएमबी १ चालू करा, झालं’ असा सल्ला कुणीही देईल. तो घेऊ नका, कारण तुम्ही उघडत असलेलं दार तेच आहे. आधी मशीनच्या फर्मवेअरमध्ये (मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) एसएमबीची दुसरी किंवा तिसरी आवृत्ती मिळते का बघा, नाहीतर स्कॅन ईमेलने घ्या. विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ आवृत्तीपासून एसएमबीला सही म्हणजे सायनिंगही मागितलं जातं आणि बिनपासवर्डाची पाहुणी जोडणी चालत नाही. काल चालणारं स्कॅन अपडेटनंतर आज बंद पडलं, तर इथेही बघा.

नोंदींची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा. ऑफिसात मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही बोलल्या जात असतील, पण अनेक मशीनांच्या पॅनेलवर देवनागरीचे चौकोन होतात. प्रत्येकाला वेगळा उपफोल्डर द्या. एकाच फोल्डरमध्ये सगळ्यांची आधार कार्डं आणि बँक पासबुकं महिनोन्महिने पडून राहतात आणि ती कुणीही उघडू शकतं. दर आठवड्याला फोल्डर रिकामा करण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा.

स्कॅनची मूळ घनता ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरते. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचं होतं. रंगीत असेल तर दाबण्याआधी ती सुमारे २६ एमबी माहिती असते, निव्वळ काळं-पांढरं असेल तर सुमारे १ एमबी. पीडीएफ करताना दोन्ही लहान होतात, पण हे प्रमाण लक्षात ठेवलं की बिलं आणि चलनं रंगीत का स्कॅन करायची नाहीत ते वेगळं सांगावं लागत नाही.

स्कॅन ईमेलने

मशीनसाठी वेगळं जीमेल खातं काढा, कुणाचं वैयक्तिक नको. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांवर साध्या पासवर्डने मशीनला आत घेणं बंद केलं. खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि मग १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढा. तो मशीनमध्ये मधल्या जागा न सोडता टाका. सर्व्हर एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ५८७, सुरक्षा स्टार्टटीएलएस. पाठवणाऱ्याचा पत्ता त्याच खात्याचा ठेवा.

खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की ॲप पासवर्ड रद्द होतात. कुणी ‘सुरक्षेसाठी’ पासवर्ड बदलतो आणि दुसऱ्या दिवशी स्कॅन जात नाही, त्याचं कारण हे. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. मशीनवर कमाल आकार १५ एमबी ठेवा.

कोण किती छापतो, आणि कोण वाचतो

युजर कोड किंवा डिपार्टमेंट आयडी चालू केला की कुणी किती पानं काढली ते कळतं आणि रंगीत छपाई मोजक्यांपुरती ठेवता येते. पण कोड मशीनवर चालू करण्याआधी सगळ्या कॉम्प्युटरांच्या ड्रायव्हरमध्ये भरा. कोड नसलेली प्रिंट मशीन काही न बोलता टाकून देतं आणि लोक तीच प्रिंट दहा वेळा देत बसतात.

पगारपत्रक, रुग्णांचे अहवाल, अशिलांची कागदपत्रं यांना ‘सिक्युअर प्रिंट’ वापरायला शिकवा. प्रिंट मशीनमध्ये थांबते आणि पाठवणाऱ्याने पॅनेलवर पिन टाकला की निघते. न काढलेल्या प्रिंट २४ तासांनी पुसल्या जातील अशी वेळ लावा.

बंद करायची दारं

नेटवर्क सिक्युरिटीच्या पानावर टेलनेट (पोर्ट २३) आणि एफटीपी (पोर्ट २१) बंद करा. वायफाय डायरेक्ट बंद करा. ते चालू असलं तर ऑफिसबाहेरच्या जिन्यातूनही मशीन फोनवर दिसतं. एसएनएमपी वापरणार असाल तर ‘पब्लिक’ हे परवलीचं नाव बदला आणि वर सांगितलेली विंडोजची खूण आठवणीने काढा. छपाईचं पोर्ट ९१०० आणि वेबपानाचं ४४३ चालू राहू द्या, साधं ८० मात्र ४४३ कडे वळवा.

राउटरवर मशीनसाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरच्या इंटरनेटवरून थेट मशीनपर्यंतची वाट) करू नका, घरून प्रिंट काढायची कितीही सोय वाटली तरी. २०१८ मध्ये इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या ९१०० मधून एका हल्लेखोराने जगभरच्या हजारो प्रिंटरांवर आपली पत्रकं छापली होती. कागद वाया गेला एवढ्यावर ते निभावलं. त्याच दारातून सेटिंगही बदलता येतात.

बॅकअप आणि फर्मवेअर

सगळं नीट चालू झालं की वेबपानावरून सेटिंग्ज ‘एक्स्पोर्ट’ करा, ॲड्रेस बुक वेगळं उतरवा, आणि नवं कॉन्फिगरेशन पान छापून जुन्याला जोडा. बोर्ड बदलावा लागला तर दिवसाचं काम अर्ध्या तासात होतं.

फर्मवेअर बॅकअपनंतरच. मशीन यूपीएसवर नाही, त्यामुळे मध्येच लाईट गेली तर बोर्ड अर्धवट लिहिलेला राहतो आणि मशीन सुरूच होत नाही. मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून वळवाचं वारं सुटलं असेल तर त्या दिवशी हात लावू नका. सकाळी लवकर करा. अपडेट चालू असताना झाकण उघडायचं नाही, केबल हलवायची नाही. एरवीही मशीन बंद करताना आधी पॅनेलवरचं बटण, पडदा पूर्ण विझला की मगच मुख्य स्विच. आत हार्ड डिस्क फिरत असते.

मशीन परत जाताना

त्या हार्ड डिस्कवर स्कॅन आणि प्रिंटच्या प्रतिमा राहतात, सोबत ॲड्रेस बुक, मेलचा पासवर्ड आणि स्कॅन युजरचा पासवर्ड. अमेरिकेतल्या एका आरोग्य विमा कंपनीने भाड्याची कॉपियर मशीनं डिस्क न पुसता परत केली. त्यावरून २०१३ मध्ये तिला १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरून तडजोड करावी लागली. आपल्याकडेही २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे, आणि परत गेलेलं मशीन नुसतं वरून पुसून-पासून पुढच्या ऑफिसात जातं हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे.

मशीन नवं असतानाच, मॉडेलमध्ये सोय असेल तर, डिस्क एन्क्रिप्शन आणि प्रत्येक कामानंतरचं ‘ओव्हरराइट’ चालू करा. काही मॉडेलांवर नंतर एन्क्रिप्शन चालू केलं की डिस्क पूर्ण पुसली जाते, म्हणून ॲड्रेस बुक भरण्याआधीच ते करावं. परत देताना बॅकअप घ्या आणि ॲडमिन मेनूतून ‘इरेज ऑल’ चालवा. मोठ्या डिस्कला यात काही तास जाऊ शकतात, तेव्हा टेम्पो दारात उभा असताना सुरुवात करू नका, आदल्या संध्याकाळी करा. शेवटी जो अहवाल छापून येतो त्यावर घेऊन जाणाऱ्याची सही घ्या. कॉम्प्युटरवरचा स्कॅन युजर काढून टाका, जीमेलचा ॲप पासवर्ड रद्द करा, आणि १९२.१६८.१.५० हा पत्ता येणाऱ्या नव्या मशीनसाठी तसाच राखून ठेवा, म्हणजे कॉम्प्युटरवरचा पोर्ट बदलावा लागणार नाही, फक्त ड्रायव्हर बदलला की झालं.